ओलीचा नकाशा

आयुष्यभर मी भिंतींवरचं खरवडत आलो. कागदावर काही लिहिण्याची ही पहिलीच खेप. आमच्या गल्लीतलं मंडळ दिवाळी अंक काढतं, त्याचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "मेस्त्री, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा." मी म्हटलं, "अहो, माझा धंदा ओलीचा. त्यात वाचण्यासारखं काय असणार?" ते म्हणाले, "गेल्या वर्षी एका वकिलाने लिहिलं होतं. त्यापेक्षा बरंच असेल." तेव्हा वकिलाच्या भरवशावर मी लिहायला बसलो आहे.

लोक मला गवंडी समजायचे. गवंडी भिंत बांधतो. मी बांधलेल्या भिंतीचं दुखणं बघायचो. एका घरमालकाच्या पेढीवर मी दुरुस्तीचा मेस्त्री होतो. मालकाच्या चाळी गिरगावात, परळला आणि लालबागला. एवढ्या खोल्यांमधून कुठे ना कुठे ओल आलेली असायचीच, त्यामुळे मला कधी बसून राहावं लागलं नाही. ओल बघायची तर डोळे शेवटी वापरायचे. आधी नाक. खोलीत पाऊल टाकलं की कुबट वास येतो, जुन्या गोधडीसारखा. मग हात, तोही उलटा. तळहात आमचा चुन्याने खाऊन जाड झालेला, त्याला काही कळत नाही. हाताची मागची बाजू भिंतीला लावली की भिंत लगेच बोलते.

ओल तीन वाटांनी येते. वरून गळते, खालून चढते, नाही तर घरातली माणसंच ती तयार करतात. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं, चुलीवर भात, दोरीवर ओले कपडे आणि वारं लागेल म्हणून खिडकी बंद. मग भिंतीने करायचं काय? ती बिचारी घाम गाळते आणि त्या घामावर बुरशी धरते. बुरशीची भुकटी हवेत उडते, ती दिसत नाही. मोठ्या माणसाला तिने शिंका येतात, म्हाताऱ्याला खोकला लागतो आणि लहान मुलाची छाती घरघरते. आई मुलाला आडुळशाचा काढा देते, अंगारा लावते, दृष्ट काढते आणि रात्री त्याच भिंतीला टेकून झोपवते.

आणि लोक ओल कबूल म्हणून करत नसत. घरात क्षयरोगी असल्यासारखी ती लपवत. गिरगावात मी एक गोष्ट शिकलो. घरात शिरलं की कॅलेंडरं मोजायची. एकाच वर्षाची चार कॅलेंडरं लावलेली दिसली तर त्या घरात चार ठिकाणी ओल आहे, हे ती न उचलता सांगावं. एका घरी तर मुलगी बघायला पाहुणे यायचे म्हणून आदल्या दिवशी ओल्या भिंतीला चुन्याचा हात मारून घेतला. मी "वाळणार नाही" म्हणून सांगत होतो, ते "उद्यापुरतं बघा" म्हणत होते. दुसऱ्या दिवशी मुलाचे काका भिंतीला टेकून बसले. कांदेपोहे आटोपून उठले तेव्हा अर्धी भिंत त्यांच्या काळ्या कोटावर होती आणि मागचा डाग सगळ्यांच्या समोर. लग्न मात्र जमलं. काकांच्या घरीही तसाच डाग होता म्हणे.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण मला जी सांगायची आहे तिच्यात गंमत माझी झाली आणि भोगलं एका आठ वर्षांच्या पोरीने. म्हणून ती सांगताना हसू येतं आणि जरा वेळाने येईनासं होतं.

महाराष्ट्र होण्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. तेव्हा आपण गुजरातसकट एका द्विभाषिक राज्यात होतो आणि मुंबई कुणाला मिळणार याच्या रोज नव्या वावड्या उठत. लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर तुकाराम घाडी राहायचा. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, कामाला, मूळचा आमच्याच मालवणाकडचा. अंगाने काटकुळा, आवाजाने दणदणीत. मोर्चा असला की हा पुढे. त्याच्या शेजारच्या साच्यावर शिवा नावाचा जोडीदार होता. तो फाउंटनच्या गोळीबारात गेला. त्या दिवसापासून तुकारामाशी दुसऱ्या विषयावर बोलता येत नसे. तुम्ही म्हणालात आज बांगडा स्वस्त आहे, तर तो म्हणणार, "मुंबय आमची झाल्यार आणखी सवस्त जातलो."

त्याच्या बायकोने, पार्वतीवहिनीने, पेढीवर तक्रार धाडली होती. भादव्यात मी बघायला गेलो. तुकाराम पाळीवर गेलेला. घरात वहिनी आणि खाटेवर बसलेली सुमी. दोन वेण्या, मोठे डोळे आणि श्वास घेताना खांदे वर उचलायची सवय. ज्याने दम्याची मुलं बघितलीत त्याला ते उचललेले खांदे पुरतात.

खाटेच्या मागे भिंतभर ओल. वरच्या मजल्यावरच्या मोरीचा नळ त्या भिंतीच्या पोटातून खाली उतरत होता आणि त्याचा सांधा सुटला होता. डाग चांगला पुरुषभर रुंद, मध्ये पिवळट, कडेने बुरशीची काळी रेघ. मी उलटा हात लावला तर हात गार पडला.

"डाक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"डाक्टर म्हणता, पोरीचा औषध बाटलीत नाय, भितीत असा," वहिनी म्हणाली. "म्हणान तुमका बोलावलंय."

डॉक्टर शहाणा होता. मी म्हटलं, उद्या येतो, वरचा सांधा बांधतो, हा गिलावा विटेपर्यंत काढतो. एवढं बोलून मी निघालो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण दारात शेजारचे मास्तर येऊन उभे राहिले होते. म्युनिसिपालिटीच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे. चार माणसं दिसली की माझ्या जिभेला खाज सुटते. मी डागाकडे बोट दाखवून म्हटलं, "वहिनी, तुम्ही मोर्चे कसले काढता? तुमच्या भिंतीवर अख्खा महाराष्ट्र उमटलाय."

वहिनी हसली. सुमी हसली आणि खोकली. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, दोन पावलं मागे गेले, मान तिरकी केली आणि हळूच म्हणाले, "मेस्त्री, हे कोकण आहे."

दुसऱ्या दिवशी मी हत्यारं घेऊन गेलो तर जिन्यात रांग. मला वाटलं कुणी गेलं. वर पोहोचलो तर तुकारामाच्या दारात चपलांचा ढीग, आत डागाला झेंडूची माळ, खाली नारळ फोडलेला, उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा पेटवलेला. मास्तर शाळेतली छडी घेऊन उभे. "हा सह्याद्री. ही गोदावरी, इथे जरा बारीक आहे. हे नागपूर. आणि ही," छडी डाव्या अंगाच्या एका काळ्या ठिपक्यावर टेकायची, "मुंबई." एवढं म्हटलं की सगळे हात जोडायचे. कोपऱ्यात सुमी पदराने नाक दाबून बसलेली. तो पदर तिच्या आईचा होता.

मी थापी पुढे केली. तुकाराम आडवा आला.

"मेस्त्रीनू, ह्या भितीक हात लावायचो नाय. सांगून ठेवतंय."

"अरे, ती बुरशी आहे."

"देव दगडात गावता, तो बुरशेत गावूक नको?"

"तुकाराम, मी काल नुसती थट्टा केली रे."

"थट्टा तुमी केलास. उमटवल्यान दुसऱ्यान कोणीतरी." आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "शिवा गेल्यापासून मी वाट बगतंय, कायतरी खूण गावात म्हणान."

मागून कुणीतरी ओरडलं, "मालकाचा माणूस आहे तो! महाराष्ट्र पुसायला पाठवलाय!" मी थापी पिशवीत टाकली. खाली उतरण्याआधी मी त्या भिंतीला हात जोडले, हेही इथे लिहून टाकतो. दोनशे माणसं बघत होती.

मालकाकडे गेलो. दुरुस्ती म्हटली की हा गृहस्थ एरवी तोंड फिरवायचा, पण त्या दिवशी त्याला गहिवरून आलं. "भाडेकरूंच्या भावना आहेत, मेस्त्री. आपण कशाला दुखवा? नको म्हणतात असं लेखी तेवढं घेऊन ठेवा."

तीन आठवडे असे गेले. त्या तीन आठवड्यांत भिंतीवरून जेवढं राजकारण झालं तेवढं दिल्लीत झालं नसेल. डाग रोज थोडा हलायचा. सकाळी बेळगाव आत असायचं, संध्याकाळी बाहेर. डांग कुणाचं यावरून दोन बिऱ्हाडांचं बोलणं बंद झालं. तळमजल्यावरचा एकजण मूळचा पेडण्याचा, तो रोज येऊन विचारायचा, "गोंय केन्ना येता?" मास्तर सांगायचे, "गोवा अजून पोर्तुगिजांकडे आहे. ओल तिथपर्यंत गेलेली नाही." तो बिचारा मान हलवून परत जायचा.

मी ठरवलं, डागाला हात लावता येत नाही तर त्याचं पाणी तोडावं. वरच्या मजल्यावर इंदूबाई राहायच्या, घाटावरच्या, तोंडाने फटकळ. मी त्यांना नळाचा सांधा समजावून सांगितला. बाई थक्क झाल्या.

"म्हंजी म्हाराष्ट्राला पानी माज्या मोरीचं?"

"हो."

"आन् ह्ये मला आत्ता सांगतुयास?"

त्या दिवसापासून इंदूबाई गोधड्या धुवायला लागल्या. शेजारणींची धुणी मागून आणायला लागल्या. चळवळीला आपला हातभार! शेवटी मी सांगितलं, "इंदूबाई, तुमच्या मोरीची लादी सुटली आहे. एक दिवस गोधडीसकट महाराष्ट्रात जाल." तेव्हा कुठे त्यांनी मला मोरीत शिरू दिलं. मी सांधा बांधला आणि कुणाला बोललो नाही. मनात म्हटलं, आता आपोआप वाळेल. पोरगी सुटेल आणि माझंही नाव नाही.

चार दिवसांनी भिंत वाळायला लागली. पण ओल वाळते तीही आपल्या मर्जीने. कडेचा बारीक भाग आधी वाळतो. आणि या डागाचा कडेचा बारीक भाग कोणता होता ते वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

"मुंबय गेली!"

ही आरोळी मी खाली चौकात ऐकली. धावत वर गेलो. डाग शाबूत होता, विदर्भ शाबूत होता, फक्त डावीकडचा तो काळा ठिपका फिका पडून पांढरा झाला होता. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. कुणी म्हणालं हा दिल्लीचा डाव, कुणी म्हणालं मालकाचा. इंदूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. बाई फटकळ असली तरी त्या दिवशी गप्प राहिली. तिचे उपकार मी विसरलो नाही.

तुकारामाने तांब्या उचलला आणि मुंबईवर पाणी मारलं. ठिपका परत काळा झाला. टाळ्या पडल्या. मग पाळ्या लागल्या. सकाळी एक बिऱ्हाड, दुपारी दुसरं, संध्याकाळी तिसरं. मुंबई सुकू द्यायची नाही! एक जण देवघरातला गडू घेऊन यायचा, एक पिचकारी घेऊन.

लोकांना वाटतं, पाणी मारलं की ते खालीच जातं. जुना चुना पाणी वरही ओढतो, कंदिलाची वात तेल ओढते तसा. आठ दिवसांत डाग मुंबईच्या वर चढला. सुरत गेली, बडोदं गेलं, आणि एके दिवशी सकाळी मास्तर छडी घेऊन आले ते दारातच खिळले. डाग पसरत पसरत थेट कच्छपर्यंत पोहोचला होता.

"तुकाराम," मास्तर म्हणाले, "भिंतीवर द्विभाषिक झालं आहे."

चाळीत सुतक आलं. ज्याच्याविरुद्ध लाठ्या खाल्ल्या, ते आपणच तांब्याने घातलेल्या पाण्यावर घरात वाढलेलं. आता उपाय काय? सगळ्यांनी मिळून विचार केला आणि त्यातला सगळ्यांत वाईट निवडला. गुजरात तेवढा वाळवायचा. तुकारामाने कोळशाच्या दोन शेगड्या पेटवून फळीवर, भिंतीच्या वरच्या अंगाला ठेवल्या. खालच्या अंगाला मुंबईवर पाणी मारायला एक माणूस, वरच्या अंगाला गुजरातला वारा घालायला एक माणूस. खिडकी बंद, कारण वाऱ्याने निखारे उडतील. खोलीत धूर, वाफ, बुरशीचा वास, आणि खाटेवर सुमी.

मला हे सगळं पार्वतीवहिनीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परळला माझ्या खोलीवर आली, ती चालत आली होती. उंबऱ्यातच बसली.

"चेडवाक, सुमीक, काल असो दम लागलो, मेस्त्रीनू... ओठ निळे पडले. डाक्टरांनी सुई दिली तेवा श्वास इलो." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "ह्यांका सांगून दमलंय. ते म्हणतत, चळवळीत सगळ्यांकाच सोसूक लागता. पण आठ वर्सांच्या पोरान काय म्हणान सोसूचा? भितीत महाराष्ट्र असा, तां तुमीच बोललास. आता तुमीच निस्तरा."

मला लाज वाटली. आजही वाटते. माझा धंदा काय, मी बोललो काय, आणि भीतीपोटी हात जोडून आलो काय. बाकी कुणाला माहीत नव्हतं, मला तर माहीत होतं की ती बुरशी आहे. मी पिशवी उचलली आणि वहिनीबरोबर निघालो.

रविवार होता. गॅलरीत चाळीतली पोरं मोर्चा-मोर्चा खेळत होती. एकाने घोषणा द्यायची, बाकीच्यांनी मागून. पोरांचा नियम कडक. पुढारी व्हायचं तर "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" हे एका दमात म्हणता आलं पाहिजे. जो मध्ये थांबला तो मागे. सुमी दाराच्या चौकटीला टेकून नुसती बघत होती. तिला मोर्चात सर्वांत मागे झेंडा धरायलासुद्धा कुणी घेत नव्हतं.

ते बघितलं आणि मला सुचलं. आत तुकाराम भिंतीपुढे बसलेला, हातात तांब्या. मास्तर होते, इंदूबाई होत्या, दारात दहा-बारा माणसं. मी कुणाला न जुमानता म्हटलं, "तुकाराम, तुझ्या घरात संयुक्त महाराष्ट्राची घोषणा कोण कोण देतं?"

"कोण म्हंजे? सगळी देतत."

"सुमी देते?"

"माझा चेडू तां! झोपेत पण दितली!" तो उठलाच. "सुमे, हय ये गो. मेस्त्रींका दाखय. पुरी म्हण."

सुमी आली. बापाने सांगितलं म्हणून ताठ उभी राहिली. मूठ वर केली.

"मुंबईसह संयुक्त..." खांदे वर गेले. छातीतून शिट्टीसारखा आवाज आला. तिने हात खाली घेतला, परत वर केला. "मुंबईसह सं... मुंबईसह संयुक्त..."

"रव, रव. दम घे," तुकाराम म्हणाला.

तिने दम घेतला, म्हणजे तिला जेवढा घेता आला तेवढा. तिसऱ्यांदा ती नुसती "मुंबईसह" म्हणाली आणि खाली बसली. मग बापाकडे बघून म्हणाली, "बाबा, पुढचं मला पाठ आहे. पण ते येईपर्यंत श्वास संपतो."

बाहेर गॅलरीत पोरं ओरडत होती, "झालाच पाहिजे, झालाच पाहिजे." तुकाराम तांब्या हातात धरून उभा होता. तो एकदा भिंतीकडे बघायचा, एकदा पोरीकडे. पहिल्यांदाच माझी जीभ जागच्या जागी राहिली.

मग त्याने तांब्या मोरीत नेऊन ठेवला आणि माझ्यापुढे हात पसरला. "हातोडी द्या."

मास्तर कळवळून म्हणाले, "निदान खाका तरी काढून घेऊ दे, तुकाराम." त्यांनी घाईघाईने वर्तमानपत्रं चिकटवून भिंतीवर धरली आणि पेन्सिलीने कडा गिरवल्या, गुजरात वगळून. तेवढा वेळ तुकाराम हातोडी घेऊन थांबला. मास्तर बाजूला झाल्यावर मी त्याला सांगितलं, "जिथे सर्वांत जास्त ओल आहे तिथून सुरुवात करतात." तो ठिपका कोणता हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने भिंतीला पाया पडल्यासारखा हात लावला, "शिवा, रागावू नको रे," म्हणाला, आणि पहिला घाव मुंबईवर घातला.

गिलावा बदाबदा खाली आला. आतून जो वास सुटला त्याने हात जोडून उभी असलेली माणसंही दाराबाहेर पळाली. मागच्या विटा काळ्या ठिक्कर पडल्या होत्या. इंदूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "आगं बाई, ह्येच्यापुढं आमी नारळ फोडलं?" तुकाराम टोपल्या भरत होता. त्याने मान वर केली नाही.

पुढचं काम माझं होतं. भिंत विटेपर्यंत उघडी करून दीड महिना तशीच ठेवली. लोकांना घाई असते, पण ओली भिंत झाकली की ती आतून सूड घेते. खिडकीपुढे रचलेल्या ट्रंका हलवून खिडकी उघडली, ती कित्येक वर्षांत उघडली नव्हती. शेगड्या गॅलरीत गेल्या. सुमीची खाट समोरच्या भिंतीला गेली. मग नवा गिलावा, आणि चुन्यात मोरचूद घालून दोन हात. मोरचूद म्हणजे तो निळा खडा, बुरशी त्याला भिते. मालकाने विचारलं, लेखी घेतलं होतं ना? मी म्हटलं, घेतलं होतं, ओलीने अक्षरं गेली.

पोरगी काही लगेच बरी झाली नाही. भिंत वाळायला जेवढा वेळ लागतो त्याहून छातीला जास्त लागतो. थंडीत दोनदा उलटलं. मी महिन्यातून एकदा जायचो. भिंतीला उलटा हात लावायचा आणि सुमीला विचारायचं, "कुठपर्यंत आलीस?" दिवाळीत ती म्हणाली, "संयुक्तच्या पुढे गेले." संक्रांतीला "महाराष्ट्रपर्यंत." शिमग्याला "झालाच"पर्यंत आली आणि खोकली. आम्ही दोघांनी ठरवलं, घाई करायची नाही. दिल्लीवालेही करत नव्हते.

तुकारामाला मी म्हटलं होतं, मास्तरांकडे खाका आहे, नव्या भिंतीवर निळीने नकाशा काढून देतो. फुकट. तो म्हणाला, "बेळगाव येऊंदेत, मगे काढा." त्यामुळे ती भिंत पांढरीच राहिली. वर्तमानपत्रांवरचा खाका मास्तरांनी गाव बदलताना माझ्याकडे दिला. तो मी जपून ट्रंकेत ठेवला. मागच्या वर्षी काढला तर त्याला बुरशी लागलेली. माझ्या ट्रंकेत! बायको म्हणाली, "घरोघरच्या ओली काढत हिंडलात, घरचं कोण बघणार?"

महाराष्ट्र झाला त्या दिवशी मी लालबागला गेलो. सबंध चाळीला पणत्या, तोरणं, खाली ढोल. बेळगाव नव्हतं, कारवार नव्हतं, डांग नव्हतं, पण मुंबई होती. तुकाराम नवा सदरा घालून पेढे वाटत होता आणि मध्येच शिवाचं नाव काढून डोळे पुसत होता. मी सवयीने आधी खोलीत गेलो आणि भिंतीला उलटा हात लावला. ठणठणीत कोरडी होती.

तेवढ्यात गॅलरीत पोरांचा मोर्चा निघाला. पुढे सुमी. तिने मूठ वर केली, छाती भरून श्वास घेतला, खांदे जागचे हलले नाहीत, आणि दोन मजले खाली ढोलवाल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात एका दमात ओरडली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

सगळी चाळ हसली. इंदूबाई वरून ओरडल्या, "आगं येडे, झाला की म्हाराष्ट्र! आता कशापाई?"

सुमी थांबली. तिला ते पटलं नाही. म्हणाली, "पण मला तर पुरती म्हणता आजच यायला लागली."

तुकारामाने पेढ्यांची परात माझ्या हातात दिली आणि गॅलरीत जाऊन तिच्या शेजारी उभा राहिला. "म्हण बाय," तो म्हणाला, "परत म्हण."